घटक चाचणीचे गुण खरे किती? सप्रमाणता आणि विश्वसनीयता तपासण्याची कृती

०.५, ०.४५, ०.१२५ आणि ०.४०५ यांतली सर्वांत मोठी संख्या कोणती? दशांश अपूर्णांकांच्या घटक चाचणीत हा प्रश्न हमखास असतो. ज्या मुलाला दशांशस्थळांची स्थानिक किंमत कळली आहे, तो ०.५ लिहितो. ज्या मुलाचा समज असा आहे, की दशांशचिन्हापुढे अंक जितके कमी तितकी संख्या मोठी, तोही ०.५ च लिहितो. दोघांना एकेक गुण मिळतो, नोंदवहीत दोघांपुढे बरोबरची खूण होते आणि वर्ग पुढच्या पाठाकडे जातो. दुसऱ्या मुलाचा गैरसमज तसाच राहतो, उलट गुण मिळाल्यामुळे पक्काच होतो.

आता संख्या बदलू: ०.३, ०.४८, ०.२७५ आणि ०.०९. बरोबर उत्तर ०.४८. ‘कमी अंक म्हणजे मोठी संख्या’ समजणारा ०.३ निवडेल. दशांशचिन्ह झाकून ३, ४८, २७५, ९ असं वाचणारा ०.२७५ निवडेल. ०.४८ वर यायला स्थानिक किंमत समजलेलीच असावी लागते, निदान निव्वळ अंदाज तरी बरोबर लागावा लागतो. प्रश्न तसाच, गुण तेवढाच, पण आता त्या गुणाला अर्थ आहे.

पहिल्या प्रश्नात जे बिघडलं होतं ती सप्रमाणता. काही जण तिला वैधता म्हणतात. गुणांवरून आपण मुलाबद्दल जे म्हणतो ते म्हणायला आधार आहे का, हा तिचा प्रश्न. विश्वसनीयता वेगळी: हीच चाचणी दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या प्रश्नसंचाने किंवा दुसऱ्या तपासनीसाने घेतली, तर गुण जवळपास तेच येतील का? पहिला प्रश्न शंभर वेळा विचारला तरी दोन्ही मुलं शंभर वेळा ०.५ च म्हणतील. म्हणजे गुण अगदी स्थिर आणि तरीही फसवे. उलटं मात्र होत नाही. जे गुण रोज बदलतात त्यांवरून कसलाच निष्कर्ष काढता येत नाही.

खाली सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: इयत्ता सहावी, गणित, दशांश अपूर्णांक, एकेका गुणाचे २० बहुपर्यायी प्रश्न, वर्गात ४० मुलं. आकडे कृती समजावी म्हणून मांडलेले आहेत. स्वतःच्या चाचणीचे आकडे त्यांच्या जागी घातले की हिशेब तसाच चालतो.

आधी वाक्य लिहा, मग प्रश्न

प्रश्न काढायला बसण्यापूर्वी कोऱ्या कागदावर एक वाक्य लिहा: ‘या चाचणीचे गुण पाहून मी अमुक ठरवणार आहे.’ उदाहरणार्थ, ‘कोणत्या मुलांना दशांशाच्या भागाकारापूर्वी स्थानिक किंमत पुन्हा शिकवायची, हे ठरवणार आहे.’ हे वाक्य नसेल तर सप्रमाणता तपासताच येत नाही, कारण ती प्रश्नपत्रिकेच्या अंगी नसते, गुणांच्या वापरात असते. १९८९ मध्ये मूल्यमापनतज्ज्ञ सॅम्युअल मेसिक यांनी हाच मुद्दा सविस्तर मांडला आणि आज मूल्यमापनशास्त्र बहुतांशी त्याच पायावर उभं आहे. वरची चाचणी पुन्हा कोणाला शिकवायचं हे ठरवायला चालेल. तिच्यावरून वर्गात पहिला-दुसरा नंबर काढणं किंवा शिक्षकाच्या कामाला गुण देणं, यासाठी वेगळा पुरावा लागेल. तो सहसा कोणी गोळा केलेला नसतो.

संविधान तक्ता: पाठ्यपुस्तकाची पानं नव्हे, तासिका मोजा

डी. एड., बी. एड. करताना प्रत्येकाने संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेचा आराखडा, भरलेला असतो आणि नोकरीत आल्यावर बहुतेकांनी तो सोडलेला असतो. आशयाच्या सप्रमाणतेचा सगळ्यांत स्वस्त आणि मजबूत आधार तोच आहे. आडव्या ओळींत उपघटक, उभ्या स्तंभांत उद्दिष्टं (ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य), आणि प्रत्येक चौकोनात गुण.

भारांश ठरवताना प्रत्यक्ष शिकवलेल्या तासिका धरा. समजा १२ तासिका झाल्या: स्थानिक किंमत ३, तुलना व क्रम २, बेरीज-वजाबाकी २, गुणाकार ३, भागाकार २. वीस गुण या प्रमाणात वाटले तर ५, ३.३, ३.३, ५, ३.३ असे येतात. पूर्णांकात ५, ३, ३, ५, ३ म्हणजे १९. उरलेला एक गुण भागाकाराला द्या, कारण पुढच्या घटकाला तो सर्वांत जास्त लागतो. असा निर्णय घ्यायला हरकत नाही, फक्त तक्त्याखाली कारण लिहून ठेवा.

तक्ता भरताना हमखास होणारी चूक म्हणजे प्रश्न आधी काढून मग तक्ता त्यांच्या मापाचा शिवणं. तसं केलं की ‘ज्ञान’ स्तंभ फुगतो, कारण आठवून सांगण्याचे प्रश्न पटापट सुचतात. दुसरी चूक थोडी लपलेली असते. पुस्तकातलंच सोडवलेलं उदाहरण संख्याही न बदलता दिलं आणि ‘उपयोजन’ खाली नोंदवलं, तर मुलाने ते पाठ केलेलं असू शकतं. त्याच्यापुरता तो ज्ञानाचाच प्रश्न झाला. उपयोजनाच्या प्रश्नात संदर्भ नवा हवा, निदान मांडणी तरी नवी हवी.

तक्ता आणि प्रश्न तयार झाले की ते विषय शिकवणाऱ्या दोन-तीन सहकाऱ्यांना वेगवेगळे द्या. प्रश्नांवर उपघटक लिहू नका. प्रत्येक प्रश्न कोणत्या चौकोनात बसतो ते त्यांना ठरवू द्या. जिथे तिघांची तीन उत्तरं येतात, तो प्रश्न नेमकं काय मोजतो हे तुम्हालाही ठरवता आलेलं नाही. मोठ्या स्तरावर, म्हणजे केंद्राची किंवा तालुक्याची चाचणी असेल तर, लॉशे यांचं १९७५ चं आशय-सप्रमाणता गुणोत्तर वापरता येतं. प्रत्येक तज्ज्ञाने प्रश्नाला ‘अत्यावश्यक’, ‘उपयुक्त पण अत्यावश्यक नाही’ किंवा ‘अनावश्यक’ म्हणायचं. अत्यावश्यक म्हणणाऱ्यांच्या संख्येतून एकूण तज्ज्ञांची निम्मी संख्या वजा करायची आणि त्याच निम्म्या संख्येने भागायचं. आठांपैकी सात जण अत्यावश्यक म्हणाले, तर (७ − ४) ÷ ४ = ०.७५. तज्ज्ञ पाचच असतील तर पाचही जणांचं एकमत असल्याशिवाय प्रश्न ठेवू नये, कारण एवढ्या कमी माणसांत चार जणांचं एकमत योगायोगानेही होतं.

प्रश्नाची भाषा गणिताच्या आड येऊ देऊ नका

हा भाग सर्वांत दुर्लक्षित आहे, म्हणून जरा थांबून पाहू. हा प्रश्न वाचा: ‘सदनिकेच्या नूतनीकरणाकरिता आवश्यक असलेल्या २.५ मीटर लांबीच्या लाकडी पट्टीचे समान लांबीचे पाच तुकडे करावयाचे झाल्यास प्रत्येक तुकड्याची लांबी किती असेल?’ भागाकार सोपा आहे, २.५ ÷ ५. अडतं ते ‘नूतनीकरणाकरिता’ आणि ‘करावयाचे झाल्यास’ इथे. वाचन कच्चं असलेलं मूल इथे गणितात नापास होतं. मेळघाटात घरी कोरकू बोलणारी, नंदुरबारमध्ये पावरी बोलणारी, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणारी मुलं मराठी माध्यमात शिकतात. त्यांच्या बाबतीत असा प्रश्न गणित कमी आणि पुस्तकी मराठी जास्त मोजतो. मग त्यांच्या नावापुढे ‘भागाकार येत नाही’ असं लिहिलं जातं. ही साधी तांत्रिक चूक नाही, त्या मुलांवर तो अन्याय आहे.

तोच प्रश्न असा लिहा: ‘२.५ मीटर लांबीची एक पट्टी आहे. तिचे ५ समान तुकडे केले. एका तुकड्याची लांबी किती?’ तीन छोटी वाक्यं, क्रियापद शेवटी, जोडशब्द नाहीत. प्रश्न भाषेने अडवतोय का हे कळायचा सरळ उपाय म्हणजे चाचणीआधी दुसऱ्या तुकडीतल्या पाच-सहा मुलांना एकेक करून शेजारी बसवा, प्रश्न मोठ्याने वाचायला सांगा आणि सोडवताना मनात काय चाललंय ते बोलायला सांगा. एका मुलामागे दहा मिनिटं पुरतात. मूल कुठे अडखळतं, कोणता शब्द पुन्हा वाचतं, बरोबर उत्तर भलत्याच कारणाने देतं का, हे सगळं लिहून घ्या. ०.५ च्या प्रश्नातली फट याच पद्धतीने पाच मिनिटांत उघडी पडते. नुसत्या गुणांच्या तक्त्यातून ती कधीच दिसत नाही.

बहुपर्यायी प्रश्नांत आणखी तीन गोष्टी पाहा. बरोबर पर्याय बाकीच्यांपेक्षा लांब आहे का? हुशार मुलं तेवढ्यावरून ओळखतात. ‘वरीलपैकी सर्व’ आणि ‘वरीलपैकी नाही’ टाळा. आणि उत्तरसूचीत ‘ब’ आणि ‘क’ ची गर्दी होऊ देऊ नका. चार पर्यायांचे २० प्रश्न डोळे मिटून सोडवले तरी सरासरी ५ गुण पडतात, हे निकाल वाचताना लक्षात ठेवा.

परीक्षेचा दिवस

इथे सांगण्यासारखं थोडंच आहे. दोन्ही तुकड्यांना तोच वेळ, त्याच सूचना, शक्यतो तीच वेळ द्या. एका तुकडीची चाचणी सकाळी परिपाठानंतर आणि दुसरीची खेळाच्या तासानंतर घेतली, तर तुलना करू नका. वेळ इतका द्या, की जवळपास सगळी मुलं शेवटच्या प्रश्नापर्यंत पोचतील. शेवटचे चार प्रश्न अनेकांचे कोरे असतील, तर तुम्ही दशांश नव्हे, वेग मोजलात.

प्रश्ननिहाय विश्लेषण

चाळीस उत्तरपत्रिका एकूण गुणांनुसार उतरत्या क्रमाने लावा. वरच्या २७ टक्के आणि खालच्या २७ टक्के वेगळ्या काढा. ४० चे २७ टक्के म्हणजे १०.८, म्हणून ११ आणि ११. सत्तावीसचा आकडा १९३९ मध्ये ट्रुमन केली यांनी सुचवला. गट पुरेसे मोठेही राहावेत आणि एकमेकांपासून पुरेसे वेगळेही असावेत, यातला तो मध्य आहे. मधल्या १८ पत्रिका बाजूला राहू द्या.

प्रत्येक प्रश्नासाठी दोन आकडे काढायचे. काठिण्य मूल्य म्हणजे दोन्ही गटांतली मिळून बरोबर उत्तरं भागिले २२. नाव काठिण्य असलं तरी आकडा मोठा म्हणजे प्रश्न सोपा. इथे भले भले गोंधळतात. भेदन मूल्य म्हणजे वरच्या गटातली बरोबर उत्तरं वजा खालच्या गटातली, भागिले ११.

सुरुवातीच्या ०.४८ च्या प्रश्नाचा पर्यायनिहाय हिशेब असा आला असं धरू. वरच्या ११ पैकी ९ मुलांनी ०.४८, एकाने ०.३, एकाने ०.२७५ निवडला. खालच्या ११ पैकी ३ मुलांनी ०.४८, दोघांनी ०.३ आणि सहा जणांनी ०.२७५ निवडला. ०.०९ कोणीच निवडला नाही. काठिण्य मूल्य १२ ÷ २२ = ०.५५, भेदन मूल्य ६ ÷ ११ = ०.५५. प्रश्न उत्तम आहे. ०.०९ हा पर्याय मेलेला आहे, तो काढून टाकला तरी चालेल. चार पर्यायांत एक मेलेला असण्यापेक्षा तीन जिवंत पर्याय बरे. आणि खालच्या गटातली सहा मुलं ०.२७५ कडे गेली, म्हणजे ती दशांशचिन्ह झाकून वाचतात. उद्या कोणाला काय शिकवायचं ते इथेच समजलं.

आता बिघडलेला प्रश्न पाहू. ‘खालीलपैकी ०.७ एवढी किंमत कशाची?’ पर्याय: ७/१०, ७०/१००, ७/१००, ०.०७. उत्तरसूचीत फक्त ७/१०. वरच्या गटात ५ जणांनी ७/१० आणि ६ जणांनी ७०/१०० निवडला. खालच्या गटात ८ जणांनी ७/१०, एकाने ७०/१०० आणि दोघांनी बाकीचे. भेदन मूल्य (५ − ८) ÷ ११ = −०.२७. ऋण भेदन मूल्य म्हणजे धोक्याची घंटा: चांगली तयारी असलेली मुलं चुकली आणि कच्ची मुलं बरोबर आली. कारण उघड आहे, ७०/१०० हेही बरोबर आहे. दोन्ही उत्तरांना गुण द्या, सगळ्या उत्तरपत्रिकांची बेरीज पुन्हा करा. मग या प्रश्नाचं भेदन मूल्य (११ − ९) ÷ ११ = ०.१८ होतं आणि काठिण्य मूल्य २० ÷ २२ = ०.९१. म्हणजे प्रश्न आता न्याय्य आहे, पण फार सोपा. पुढच्या वेळी ७०/१०० च्या जागी ७०/१० ठेवा. ऋण आकडा आला की पहिल्यांदा उत्तरसूची तपासा, मग प्रश्न, आणि शेवटी मुलं. बहुतेकदा दोष पहिल्या दोन ठिकाणीच सापडतो.

भेदन मूल्यासाठी मूल्यमापनतज्ज्ञ एबल यांनी घालून दिलेले टप्पे आजही वापरतात: ०.४० किंवा जास्त असेल तर प्रश्न फार चांगला, ०.३० ते ०.३९ चांगला, ०.२० ते ०.२९ सुधारणेजोगा, त्याखाली असेल तर बदला किंवा टाका. मात्र गट ११ चा असेल तर एका मुलाने एक उत्तर बदललं, की भेदन मूल्य ०.०९ ने हलतं. म्हणून ०.२७ आणि ०.३६ यांत फरक मानू नका. शिवाय सगळ्या मुलांना यायलाच हवा असा पायाभूत प्रश्न सर्वांना आला, तर त्याचं भेदन मूल्य शून्यच येणार. तो प्रश्न केवळ त्यासाठी काढू नका.

विश्वसनीयता गुणक काढण्याच्या तीन वाटा

तीच चाचणी दोन आठवड्यांनी पुन्हा घेऊन सहसंबंध, म्हणजे दोन्ही वेळचे गुण एकमेकांशी किती जुळतात तो आकडा, काढणं ही जुनी वाट. शाळेत ती फारशी चालत नाही, कारण मधल्या काळात मुलं शिकतात आणि प्रश्नही त्यांच्या लक्षात राहतात.

दुसरी वाट अर्धविच्छेदन. विषम क्रमांकाच्या १० प्रश्नांचे गुण एका स्तंभात, सम क्रमांकाच्या १० प्रश्नांचे दुसऱ्या स्तंभात, आणि एक्सेलच्या कोरेल या फंक्शनने ४० मुलांचा सहसंबंध. पहिले दहा आणि शेवटचे दहा असे भाग पाडू नका. शेवटचे प्रश्न सहसा अवघड असतात आणि तोवर मुलं थकलेली असतात. एकाच उताऱ्यावर किंवा आकृतीवर चार प्रश्न असतील, तर चारही एकाच अर्ध्यात ठेवा, नाहीतर सहसंबंध खोटा फुगतो. समजा सहसंबंध ०.६० आला. ही दहा प्रश्नांच्या चाचणीची विश्वसनीयता झाली, वीस प्रश्नांची नव्हे. स्पिअरमन आणि ब्राउन यांनी १९१० मध्ये स्वतंत्रपणे मांडलेलं सूत्र लावा: सहसंबंधाची दुप्पट भागिले (१ अधिक सहसंबंध). १.२० ÷ १.६० = ०.७५. ही दुरुस्ती विसरून ०.६० च लिहिणं ही प्रकल्प-अहवालांत वारंवार दिसणारी चूक आहे.

तिसरी वाट सगळ्यांत कमी कष्टाची. जी. एफ. कुडर आणि एम. डब्ल्यू. रिचर्डसन यांच्या १९३७ च्या लेखातलं एकविसावं सूत्र. त्याला सरासरी आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत तो आकडा) एवढंच लागतं. सरासरी १२ आणि प्रमाण विचलन ४ आलं असं धरा, म्हणजे प्रचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) १६. सरासरी गुणिले (एकूण प्रश्न वजा सरासरी): १२ × ८ = ९६. एकूण प्रश्न गुणिले प्रचरण: २० × १६ = ३२०. पहिल्याला दुसऱ्याने भागा, ०.३०. एकातून वजा करा, ०.७०. त्याला २०/१९ ने (एकूण प्रश्न भागिले त्यांहून एक कमी) गुणा, ०.७४. हे सूत्र सगळे प्रश्न सारख्याच अवघड आहेत असं धरून चालतं, म्हणून आकडा थोडा कमीच देतं. त्याच लेखातलं विसावं सूत्र प्रत्येक प्रश्नाचं बरोबर-प्रमाण गुणिले चूक-प्रमाण काढून त्यांची बेरीज घेतं. ती बेरीज ४.२ आली तर १ − (४.२ ÷ १६) = ०.७४, आणि २०/१९ ने गुणल्यावर ०.७८. दोन-तीन गुणांचे प्रश्न असतील तर ही दोन्ही सूत्रं चालत नाहीत, तिथे क्रॉनबाख यांचा १९५१ चा ‘अल्फा’ हा गुणक लावा.

वर्गातल्या चाचणीला ०.७० च्या आसपासचा आकडा पुरेसा मानतात. एखाद्या मुलाचं वर्ष किंवा प्रवेश ज्यावर अवलंबून आहे, अशा परीक्षेला ०.९० च्या आसपास हवा. आकडा कमी आला तर आधी लांबी पाहा. दहा प्रश्नांवर ०.६० असेल आणि ०.८० हवा असेल, तर (०.८० × ०.४०) ÷ (०.६० × ०.२०) = २.६७ पट, म्हणजे तितक्याच दर्जाचे २७ प्रश्न लागतात. पाच प्रश्नांच्या चाचणीवरून मुलाबद्दल मोठी विधानं का करू नयेत, ते यावरून कळेल.

कमी आकडा हा नेहमीच दोष नसतो. वर्ग चांगला शिकला आणि सगळ्यांना १८ ते २० पडले, तर गुणांत फरकच उरत नाही आणि गुणक कोसळतो. त्या वेळी गुणक बाजूला ठेवा आणि एवढंच तपासा, की दुसऱ्या समांतर संचाने चाचणी घेतली तर ‘आलं’ आणि ‘नाही आलं’ हे निर्णय किती मुलांच्या बाबतीत तेच राहतात.

प्रत्येक गुणाभोवती दोन गुणांचा पट्टा

गुणक काढून फाइलमध्ये लावला तर उपयोग शून्य. त्यावरून मापनाची प्रमाण त्रुटी काढा: प्रमाण विचलन गुणिले (१ वजा विश्वसनीयता) याचं वर्गमूळ. एकविसाव्या सूत्राचा ०.७४ धरला, तर ४ × √०.२६ = २.०४. म्हणजे साधारण दोन गुण. १२ गुण मिळालेल्या मुलाची खरी पातळी दर तीन मुलांमागे दोघांच्या बाबतीत १० ते १४ च्या दरम्यान धरावी.

आता उत्तीर्णतेची रेषा ३५ टक्के, म्हणजे २० पैकी ७. सहा गुण मिळालेलं मूल आणि आठ गुण मिळालेलं मूल यांना ही चाचणी वेगळं ओळखू शकत नाही. दोन मुलांमधल्या फरकाची त्रुटी तर आणखी मोठी, २.०४ × १.४१, जवळपास तीन गुण. १५ वाला तिसरा आणि १४ वाला चौथा असे नंबर फळ्यावर लिहिणं, या चाचणीच्या जोरावर तरी, चूकच आहे. रेषेच्या दोन गुण अलीकडे-पलीकडे असलेल्या सगळ्या मुलांशी पाच मिनिटं तोंडी बोला आणि मग ठरवा. चाळीसच्या वर्गात अशी मुलं थोडीच निघतात, आणि गरज असते ती नेमकी त्यांनाच.

लेखी उत्तरं आणि दोन तपासनीस

१९१२ मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका १४२ शिक्षकांकडून तपासून घेतली. १०० पैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले. भूमितीत तरी एकमत होईल असा आक्षेप आला, म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची पत्रिका घेतली. तफावत आणखी वाढली, कारण कोणी रीतीला गुण दिले, कोणी नीटनेटकेपणाला.

आपल्या उदाहरणात एक लेखी प्रश्न जोडा: ‘०.३ पेक्षा ०.२७५ लहान का? दोन वाक्यांत सांगा.’ ‘०.३ म्हणजे ०.३००, आणि ३०० सहस्रांश २७५ सहस्रांशांपेक्षा जास्त’ हे उत्तर साध्य (म्हणजे बरोबर धरायचं), यात वाद नाही. ‘कारण ०.३ मध्ये अंक कमी आहेत’ हे असाध्य. भांडण होतं ते ‘कारण ३ हा २ पेक्षा मोठा आहे’ या उत्तरावर. मुलाने दशांशस्थान पाहिलं की नुसता पहिला अंक? गुणदान योजनेत अशाच काठावरच्या उत्तरांचे नमुने हवेत. उदाहरणार्थ: ‘दशांशस्थानाचा उल्लेख असेल तरच साध्य.’ आदर्श उत्तर लिहून ठेवणं सोपं असतं, पण तपासताना त्याची मदत फार कमी होते.

मग दोन शिक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता ४० उत्तरं तपासायची. समजा दोघांनी साध्य म्हटली २०, दोघांनी असाध्य १०, फक्त पहिल्याने साध्य ६, फक्त दुसऱ्याने साध्य ४. एकमत ३० ÷ ४० = ७५ टक्के. ऐकायला छान. पण पहिला ४० पैकी २६ आणि दुसरा २४ उत्तरं साध्य ठरवतो, तेव्हा उत्तरं न वाचता नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या तरी ०.६५ × ०.६० + ०.३५ × ०.४० = ०.५३ एवढं एकमत होतंच. कोहेन यांचा १९६० चा ‘कप्पा’ हा एकमताचा गुणक ते वजा करतो: (०.७५ − ०.५३) ÷ (१ − ०.५३) = ०.४७. हे मध्यम प्रतीचं एकमत आहे. मतभेदाची दहा उत्तरं समोर ठेवून दोघांनी बोलायचं, योजनेत दोन-तीन नमुने वाढवायचे आणि वेगळी वीस उत्तरं तपासून कप्पा पुन्हा काढायचा. बोर्डाच्या परीक्षेत परीक्षकांच्या वर नियामक असतो तो याच गरजेपोटी.

एकटेच तपासत असाल तर आधी सगळ्या पत्रिकांचा पहिला प्रश्न तपासा, मग सगळ्यांचा दुसरा. एका मुलाचं पहिलं उत्तर छान निघालं, की पुढच्या उत्तराकडे नकळत मऊ नजरेने पाहिलं जातं. नावाचं पान मागे दुमडा. प्रत्येक प्रश्नानंतर गठ्ठा उलटसुलट करा. आणि शेवटी पहिल्या पाच पत्रिका गुण झाकून पुन्हा तपासा. दोन वेळच्या गुणांत फरक पडला, तर तुमचा काटा मध्येच सरकला आहे.

बाहेरचा पुरावा

शेवटची तपासणी चाचणीच्या बाहेरची. गुणांनुसार वरच्या, मधल्या आणि खालच्या थरातून आठ-दहा मुलं निवडा. त्यांना टेपने बाक मोजायला लावा, मोजमाप मीटरमध्ये दशांशात लिहायला सांगा, दोन मापांतला फरक काढायला सांगा. मूल चाचणीत १६ गुण मिळवतं पण १ मीटर ५ सेंटिमीटर हे १.५ मीटर लिहितं, तर चाचणी कुठेतरी फसते आहे. असं एखादं मूल सापडलं तर त्याची उत्तरपत्रिका प्रश्न-प्रश्न पाहा. शून्य धरून ठेवणारी दशांशस्थळं विचारणारा प्रश्नच चाचणीत नाही, असं सहसा निघतं.

दोन चाचण्यांचे सहसंबंध काढून सप्रमाणता दाखवायची असेल, तर एक मर्यादा ध्यानात ठेवा: हा सहसंबंध दोन्हींच्या विश्वसनीयतांच्या गुणाकाराच्या वर्गमुळापेक्षा मोठा होण्याची अपेक्षा धरता येत नाही. तुमच्या चाचणीची विश्वसनीयता ०.४९ असेल, तर समोरचं माप अगदी निर्दोष असलं तरी सहसंबंध ०.७० च्या पुढे जाणार नाही. म्हणून हिशेब विश्वसनीयतेपासून सुरू करा.

हे सगळं करून झालं की प्रत्येक प्रश्नाचं एक कार्ड बनवा: प्रश्न, तक्त्यातला चौकोन, तारीख, किती मुलांनी सोडवला, काठिण्य मूल्य, भेदन मूल्य, प्रत्येक चुकीच्या पर्यायाकडे किती मुलं गेली, आणि काय बदललं. ०.०९ काढला असेल तर का काढला, तेही लिहा. तीन वर्षांत दोनशे कार्डं जमतात, आणि चौथ्या वर्षी चाचणी काढताना निम्मे प्रश्न आधीच पारखलेले हाताशी असतात.